वस्तीवरचं डांबर: निगा आणि उत्तरक्रिया

ऊस तुटून गेला, बिल खात्यावर पडलं की देवळाली प्रवरेतल्या बऱ्याच वस्त्यांना डांबराचे डोहाळे लागतात. पक्क्या रस्त्यापासून ओट्यापर्यंतची दोनशे फूट वाट काळीकुळकुळीत दिसावी, एवढंच मागणं. अशांसाठी हे मार्गदर्शन. प्रस्तुत लेखकाने असं एक डांबर स्वतः पाळलं होतं. ते आता हयात नाही.

आधी जमीन. आपली काळी माती उसाला नामी, पण पावसात फुगते आणि उन्हाळ्यात अशी उलते की भेगेत खुरपं हरवावं. जाणकार सांगतात, ती फूट-दीड फूट उकरून काढा, मुरूम भरा, पाणी मारून रोलर फिरवा, मग खडीचे थर द्या. या सगळ्यात पैसा जातो आणि दिसत काहीच नाही. सोयऱ्यांना खालचा मुरूम थोडाच दाखवता येतो? तेव्हा सरळ रानावरच खडी पसरावी. पहिल्या पावसाळ्यात वाटेला पोट सुटेल आणि मे महिन्यात शेतातल्या भेगा ओट्यापर्यंत चालत येतील.

(ज्याला आपण डांबर म्हणतो ते हल्ली तेलशुद्धीकरणातून उरणारं बिटुमेन असतं. खरं डांबर दगडी कोळशाचं. कपाटातल्या डांबरगोळ्या त्याच्या घराण्यातल्या. ठेकेदारापुढे हे बोलू नये, दर वाढतो.)

मग मुहूर्त. गरम माल प्लांटवरून निघतो तेव्हा साधारण दीडशे अंशांवर असतो आणि शंभराच्या खाली उतरायच्या आत तो रोलरने दाबून व्हावा लागतो. म्हणून डंपर दारात आला की आधी नारळाचा मान कुणाचा हे ठरवायला बसावं. थोरल्या चुलत्यांना आणायला मोटारसायकल पाठवावी, त्यांचा चहा होऊ द्यावा. तोवर माल निवतो. मग रोलर कितीही फिरवा, खडी अंगठ्याने उकरता येते. रंग मात्र तोच राहतो, त्यामुळे फोटोत फरक पडत नाही.

आता पाणी. खडीला डांबरापेक्षा पाणी जवळचं. फटीतून ते आत गेलं की खडी डांबराचा हात सोडते आणि सुटी होते. म्हणूनच वाट मधोमध उंच ठेवून दोन्ही अंगांना मीटरमागे अडीच सेंटिमीटर उतार द्यावा, कडेने चर काढावा, असं पुस्तकात असतं. आपण वाट ताटासारखी सपाट ठेवावी आणि चर बुजवून तिथे नारळाची झाडं लावावीत. भंडारदऱ्याच्या धरणाने 1926 पासून थोपवलेलं पाणी आवर्तनात पाटाने आपल्या रानात येतं. रात्री दारं धरताना एक डुलकी लागली की ते वाटेवर मुक्काम करतं. तिथेच म्हशी धुतल्या की काम पक्कं.

शेजारच्या रानात पाणी न्यायचा पीव्हीसी पाइप डांबर पडण्याआधी कधीही टाकू नये. डांबर पडून आठवडा झाला की धाकट्या भावाला तो आठवतोच. मग आडवी चारी खोदावी, पाइप पुरावा आणि ती निघालेल्याच मातीने भरावी. ट्रॅक्टरही रोज एकाच जागी उभा करावा. गळणारं डिझेल डांबर विरघळवतं, त्यामुळे खड्डा हवा तिथे, हव्या मापाचा मिळतो.

खड्डा पडलाच तर? त्याच्या कडा चौकोनी कापून, आतली धूळ झाडून, कोरड्यात गरम डांबराचा हात द्यायचा, माल भरून ठोकायचा, ही रीत आहे. आम्ही भर जुलैत मुरूम आणि विटांचे तुकडे टाकले. गळिताला भरलेली डबल ट्रॉली वरून गेली आणि ये रे माझ्या मागल्या.

शेवटचा उपाय, जुन्यावर नवा थर. उकरू नये, झाडू नये, वर वीस मिलिमीटरचं कार्पेट अंथरावं. असे तीन थर झाले की वाट सहा सेंटिमीटर उंच होते, ओटा खाली जातो आणि पावसाचं पाणी ज्याच्या त्याच्या चपला घेऊन थेट माजघरात येतं.

आमच्या वाटेच्या मधोमध अजून चार गोल भोकं आहेत, एकसारख्या अंतरावर. पुतणीच्या हळदीला मांडववाल्याने पहारीने पाडली, डांबर पडून अकराव्या दिवशी. धाकटीचं यंदा जमलंय. मांडववाला परवा येऊन बघून गेला. पहार आणावी लागणार नाही म्हणाला.