पट्टा

गेल्या माघात माझ्या कंबरेत उसण भरली. कारण सांगायलाही लाज वाटते: खाली पडलेलं पेनाचं टोपण उचलायला वाकलो होतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पायाळू माणसाची लाथ खा, लगेच मोकळी होते." बारामतीत शोधाशोध करून एक पायाळू मिळवला, तर तो निघाला बँकेतला कारकून. लाथ मारण्याआधी तो "माफ करा हं साहेब" म्हणाला. लाथेतला गुण तिथंच गेला असावा.

मग डॉक्टर झाले. त्यांनी कंबरेला पट्टा बांधला आणि बजावलं: वाकायचं नाही, ओझं उचललंच तर गुडघ्यात बसून, छातीशी धरून, कंबर न पिरगळता.

हा उपदेश पट्ट्याखाली दाबून मी एस.टी.नं इंदापूरला निघालो. हा मुलूख 1885 साली नीरा डावा कालवा आल्यापासून उसाकडे वळत गेलेला. भवानीनगरच्या पुढं उसाच्या गाड्यांनी रस्ता अडवला आणि बस थांबली. खिडकीबाहेर तोड चालू होती. ऊस मणक्यावर मणका रचल्यासारखा पेरापेरानं ताठ उभा, आणि माणूस तेवढा वाकलेला. बुडख्यात गोडी जास्त आणि खोडवाही तिथूनच नीट फुटतो, म्हणून कोयता जमिनीलगतच चालवावा लागतो. जितकं वाकावं तितकी साखर. मग वाढ्यांनी बांधलेली मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. मोळी 30 किलोंची धरली, तरी टनाला 33-34 खेपा होतात.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 1967 साली पुरुषानं उचलायच्या ओझ्याला 55 किलोंची मर्यादा सुचवली होती. त्या मापानं मोळी निर्दोष सुटते. पण कंबर किलोंवर मोडत नाही, खेपांवर मोडते. हिशेबात मात्र नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाची उचल कोयत्यावर. त्यामागच्या दोन पाठी कुठल्याच वहीत नाहीत. कारखाना साखरेचा उतारा दशांशापर्यंत काढतो, पाठदुखीवरचा उतारा मात्र ज्यानं त्यानं शोधायचा. आता काही फडांत यंत्र आलंय, आणि त्याच्या चालकाला बसायला चांगली खुर्ची आहे.

रस्त्याकडेला एक बाई पाणी पीत होती. मी खिडकीतून विचारलं, "ताई, कंबर दुखत नाही का?"

"दुखती की दादा," ती हसली. "पर पट्टा पडस्तोवर तिला सवड कुठंय?"

मी नकळत शर्टाखालचा पट्टा चाचपला. तो जागेवर होता. मग उमजलं, ती कारखान्याचा हंगाम संपण्याबद्दल बोलत होती.

बस हलली. माझा पट्टा तीन आठवड्यांनी सुटणार होता. तिचा चैतात पडणार होता, आणि दसरा झाला की गाडी पुन्हा भरायची होती.