जीबी मोजू नका, काम मोजा

नगरच्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात ग्राफिक्स कार्डाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "किती जीबीचं?" उत्तर मिळतं, पैसे मोजले जातात, खोका डिकीत जातो. पंचवीस-तीस हजारांचा व्यवहार ज्या प्रश्नावर ठरतो तो प्रश्नच अपुरा आहे. आणि गिऱ्हाइकानं त्यापुढे काही विचारू नये, यात कंपन्यांचा फायदा आहे.

नमुने बघा. एनव्हिडियाचं जीटी १०३० हे कार्ड २०१७ साली आलं तेव्हा त्यात जीडीडीआर५ मेमरी होती. सेकंदाला ४८ जीबी डेटा वाहून नेणारी. २०१८ साली त्याच नावाचं दुसरं कार्ड आलं, त्यात साधी डीडीआर४. तिचा वेग १६.८ जीबी, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा. दोन्ही खोके शेजारी ठेवून पाहा. 'जीटी १०३०' ठळक, '२ जीबी' ठळक. मेमरीचा प्रकार मात्र शोधून वाचावा लागतो. ज्या शब्दानं गेम अडखळतो, तोच शब्द बारीक अक्षरात.

आरटीएक्स ३०५० घ्या. २०२२ चं ८ जीबीचं, २०२४ चं ६ जीबीचं. घेणाऱ्याला वाटतं, दोन जीबी कमी, बाकी सारखंच. प्रत्यक्षात कोर २५६० वरून २३०४ वर आले आणि मेमरी बस १२८ बिटवरून ९६ बिटवर. एएमडीही यात मागे नाही. त्यांच्या आरएक्स ५६० ची १०२४ ऐवजी ८९६ प्रोसेसरवाली आवृत्ती २०१७ मध्ये त्याच नावानं विकली गेली.

यावर बोलून काही उपयोग नाही, असं कुणी म्हणू नये. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये एनव्हिडियानं आरटीएक्स ४०८० या एकाच नावानं १६ जीबीचं आणि १२ जीबीचं अशी दोन कार्डं आणायचं जाहीर केलं होतं. त्यांच्यातल्या कोरचा फरक होता ९७२८ विरुद्ध ७६८०. जगभर ओरड झाली, तेव्हा १२ जीबीचं कार्ड बाजारात येण्याआधीच मागं घेतलं गेलं आणि २०२३ च्या जानेवारीत आरटीएक्स ४०७० टीआय या वेगळ्या नावानं आलं. गिऱ्हाईक बोललं की नाव सुधारतं.

मग सगळे आकडे पाठ केले की झालं? नाही. आरटीएक्स ३०६० मध्ये ३५८४ कोर, १२ जीबी मेमरी, वेग सेकंदाला ३६० जीबी. त्यानंतरच्या पिढीच्या आरटीएक्स ४०६० मध्ये ३०७२ कोर, ८ जीबी, वेग २७२ जीबी. तक्त्यात तिन्ही रकान्यांत जुनं कार्ड पुढे. तरी १०८० पी रिझोल्यूशनवर बहुतेक गेममध्ये नवं कार्ड जास्त फ्रेम देतं, आणि तेही १७० ऐवजी ११५ वॅटमध्ये. कारण त्याची चिप जास्त वेगानं चालते आणि तिच्या पोटातली कॅश मेमरी ३ एमबीवरून २४ एमबी झाली आहे, त्यामुळे बाहेरच्या मेमरीकडे हेलपाटे कमी. पण ब्लेंडरमध्ये जड सीन रेंडर करायचा असेल किंवा एआयचं मोठं मॉडेल चालवायचं असेल, तर जे ८ जीबीत मावतच नाही ते १२ जीबीत मावतं. तिथं जुनं कार्ड जिंकतं. म्हणून 'दोन्हींत चांगलं कोणतं' याला उत्तर नाही. 'कशासाठी' हे सांगितल्यावरच उत्तर आहे.

हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. टनेज म्हणजे साखर नव्हे, हे ऊस लावणाऱ्या घराला ठाऊक आहे, एफआरपीसुद्धा १०.२५ टक्के उतारा धरून ठरते. कार्डाचे जीबी आणि कोर म्हणजे टनेज. उतारा कळतो तो काम चालवल्यावरच.

मोठ्या यंत्रांच्या जगात हा नियम केव्हाच रुळला आहे. पुण्यातल्या सी-डॅकचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक एनव्हिडियाच्या ए१०० चिपांवर उभा आहे. २०२० च्या नोव्हेंबरात जगातल्या टॉप ५०० यादीत तो ६३ वा आला. त्या यादीत प्रत्येक यंत्रापुढे दोन आकडे छापतात. परम सिद्धीची कागदावरची कमाल ताकद ५.२७ पेटाफ्लॉप्स, आणि लिनपॅक ही चाचणी प्रत्यक्ष चालवून मोजलेली ४.६२. क्रमांक लागतो तो मोजलेल्या आकड्यावर. जो न्याय महासंगणकाला, तोच सावेडीतल्या काउंटरवरच्या कार्डाला हवा.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी २०२२ मध्ये आलं. त्यात व्हिडिओ एन्कोड करणारा हार्डवेअर भागच नाही. जीटी १०३० मध्येही नाही. म्हणजे चार तासांचा लग्नसोहळा एक्स्पोर्ट करताना सगळा भार प्रोसेसरवर, आणि लग्नसराईत रात्री जागायच्या एडिटरनं. खोक्यावर 'एन्कोडर नाही' असं कुणी छापत नाही.

लॅपटॉपमध्ये आणखी एक आकडा दडलेला असतो: वॅट. लॅपटॉपसाठीचं आरटीएक्स ४०६० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठंही बसवता येतं. स्टिकर एकच, चिप एकच, पण दोन लॅपटॉपच्या कामात मोठी तफावत. लोणी, कोपरगाव, संगमनेर, विळद घाट इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकणारी मुलं घरच्यांना कर्ज काढायला लावून असे लॅपटॉप घेतात. त्यांना हा आकडा विकत घेण्याआधी कळला पाहिजे.

तेव्हा चार गोष्टी करा. एक, कार्डाचं पूर्ण मॉडेल, मेमरीचा प्रकार, बसची रुंदी आणि वॅट बिलावर लिहून घ्या. दोन, फ्रेमची सरासरी कुणी सांगितली तर सर्वांत वाईट एक टक्का क्षणांचा आकडाही विचारा. सरासरी नव्वद असूनही गेम मधेच अडकू शकतो. तीन, दुकानातच कार्ड बसवून जीपीयू-झेड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवा. मेमरी टाइप, बस विड्थ, बँडविड्थ हे तिन्ही रकाने समोर येतात, आणि जुनी चिप नव्या नावानं खपवलेली असेल तर अशी बरीच बनावट कार्डं ते ओळखतं. चार, स्वतःची एक फाइल पेन ड्राइव्हवर न्या आणि ती चालवून वेळ लावा.

दुकानदारानं यात कमीपणा मानू नये. वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता जाणून घेणं हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दिलेला हक्क आहे. ती कुणाची मेहेरबानी नव्हे. जिल्ह्यातल्या कॉलेजांनी आणि सरकारी कार्यालयांनीही निविदेत '४ जीबी ग्राफिक्स कार्ड' एवढंच लिहायचं सोडावं. आपलं कोणतं काम किती मिनिटांत झालं पाहिजे, हे लिहावं आणि माल आल्यावर घड्याळ लावून तपासावं. जे कार्ड त्या वेळेत बसणार नाही, त्याचं बिल मंजूर करू नये.