फोमचा दाखला दाखवा

मुंबईतल्या नायगावच्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकात बांधल्या गेल्या, तेव्हा भिंती काँक्रीटच्या आणि स्लॅबही काँक्रीटचा. 160 चौरस फुटांच्या खोलीत माणसं दाटीवाटीने राहिली, पण भिंतीत किंवा छतात पेट घेईल असं काही नव्हतं. आता म्हाडा इथल्या 42 चाळींच्या जागी वीस मजल्यांहून उंच इमारती उभ्या करते आहे. घर 500 चौरस फुटांचं. किल्ली हातात पडली की पाठोपाठ इंटिरिअरवाला येतो. फॉल्स सीलिंग होतं, एसी बसतो, पाइपाच्या भोकात पीयू फोमचा कॅन रिकामा होतो. जुन्या इमारतींत वरच्या मजल्याचा स्लॅब तापतो, म्हणून त्यालाही फोमचा स्प्रे मारून देणारे मिळतात. त्यांना विचारा, याचा आगीचा दाखला कुठे आहे? उत्तर येतं, ‘फायर रिटार्डंट आहे साहेब.’ आपण मान डोलावतो आणि पैसे देतो.

एवढ्यावर पैसे देऊ नका.

फोमशी माझं वैर नाही. मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत राहणाऱ्याला उष्णता अडवण्याचा पूर्ण हक्क आहे. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2018 मध्ये आणलेली ‘इको-निवास संहिता’ छतातून आत येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घालते, ते योग्यच आहे. म्हणजे येत्या काळात घराघरांत इन्सुलेशन वाढणार. म्हणूनच हा प्रश्न आत्ता विचारायचा, फोम भिंतीआड गेल्यावर नव्हे.

स्प्रे फोम म्हणजे दोन पिंपांतली दोन रसायनं. एकात आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिऑल. बंदुकीच्या तोंडाशी ती एकत्र येतात, तापतात, फुगतात आणि काही सेकंदांत घट्ट होतात. तयार होतं ते पॉलियुरेथेन, मुळात खनिज तेलापासून आलेलं. त्यात ज्वालारोधक मिसळला की काडीच्या किंवा ठिणगीच्या छोट्या ज्योतीला फोम दाद देत नाही, हे खरं. पण खोलीतला सोफा पेटला आणि छताशी शेकडो अंशांची धग साठली, की हाच फोम जळतो. काळा धूर सोडतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन सायनाइडही असतो. आगीत माणसं बहुधा भाजून मरत नाहीत, धुराने मरतात. मुंबईच्या कमला मिलमधल्या आगीची, 29 डिसेंबर 2017 ची रात्र आठवा. तिथे फोमचा प्रश्न नव्हता, पण 14 जण गेले आणि त्यांतले बहुतेक स्वच्छतागृहात गुदमरलेले सापडले.

दाखल्यांवर आंधळा विश्वास ठेवल्याची किंमत जगाने मोजून झाली आहे. प्लॅस्टिक फोमच्या छोट्या तुकड्यांवर चाचणी करून तो ‘जळत नाही’, ‘आपोआप विझतो’ असं सांगत विकण्याला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 1973 सालीच हरकत घेतली. टेबलावरचा तुकडा विझतो. तोच फोम खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि छत व्यापून असला, की प्रत्येक पृष्ठभाग दुसऱ्याला तापवतो आणि हिशेब बदलतो. या गोष्टीला पन्नास वर्षं उलटून गेली. आपला विक्रेता अजून लायटर लावून नमुना दाखवतो.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरचं प्रकरण तर याहून वाईट. 14 जून 2017 च्या रात्री 24 मजली इमारत पेटली, 72 माणसं गेली. आग पसरवण्यात मोठा वाटा बाहेरच्या पॉलिएथिलीन भरलेल्या पॅनेलचा होता. त्यांच्यामागच्या फोमच्या पाट्यांनीही भर घातली. त्यांतल्या बहुतांश पाट्या सेलोटेक्स कंपनीच्या. चौकशीत उघड झालं, की 2014 मध्ये या मालाची मोठी चाचणी पार पडावी म्हणून मांडणीत न जळणारे मॅग्नेशियम ऑक्साइडचे बोर्ड बसवले होते आणि त्याचा उल्लेख विक्रीच्या कागदांत केला नव्हता. किंगस्पॅन या दुसऱ्या कंपनीने माल बदलल्यानंतरही 2005 ची जुनी चाचणी वर्षानुवर्षं पुढे केली. सप्टेंबर 2024 च्या अंतिम अहवालाने हा अप्रामाणिकपणा स्पष्ट शब्दांत नोंदवला. दाखले होते, शिक्के होते, प्रयोगशाळा नावाजलेली होती. ज्या मांडणीची चाचणी झाली ती भिंतीत नव्हती, एवढंच.

म्हणून दाखला हातात आला की तो वाचायचा. चाचणी कोणती? फोमची जाडी किती? तो काँक्रीटवर मारला होता, पत्र्यावर, की प्लायवर? वर जिप्सम बोर्ड होता की फोम उघडा? आपल्याकडे तयार पाट्यांसाठी आयएस 12436 हे भारतीय मानक आहे. पण कारखान्यात बनलेल्या पाटीचा कागद तुमच्या छताला जागेवर मारलेल्या फोमची हमी देत नाही. जागेवर मिश्रणाचं प्रमाण चुकतं, जाडी कमीजास्त होते. अमेरिकेची निवासी बांधकाम संहिता फोम आणि राहती खोली यांच्यामध्ये निदान अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड किंवा चाचणीत उतरलेला तोडीचा पडदा मागते. उघडा फोम डोक्यावर ठेवून झोपायचं नाही, इतकी साधी ती अट आहे. ती आपणही पाळावी.

आणि फोमचं काम चालू असताना तिथे वेल्डिंग नको. दक्षिण कोरियाच्या इचन शहरात 2008 मध्ये फोमच्या कामाशी जोडलेल्या शीतगृहाच्या आगीत 40 कामगार गेले. एप्रिल 2020 मध्ये त्याच शहरात बांधकाम चालू असलेल्या गोदामात आणखी 38. दोन्ही वेळा मेले ते मजूर.

आता नायगावपासून चालत जाण्याच्या अंतरावर या. हिंदमाताजवळचा क्रिस्टल टॉवर, 22 ऑगस्ट 2018 ची सकाळ. आग बाराव्या मजल्यावर लागली, धूर वरच्या मजल्यांवर चढला, चार जण दगावले. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच नव्हतं आणि लोक तिथे वर्षानुवर्षं राहत होते. एका दहा वर्षांच्या मुलीने शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला सांगितलं; पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. मुलीचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण धूर मजल्यामजल्यावर अडवण्याचं काम तिचं नव्हतं.

उंच इमारतीतली विजेची डक्ट प्रत्येक मजल्यावर बंद केलेली नसली, तर ती गिरणीच्या धुराड्यासारखी धूर वर खेचते. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते, की केबल स्लॅबमधून जाते ती फट आगीला ठरावीक वेळ थोपवणाऱ्या साहित्याने बुजवायची. आपल्याकडे ब्रॉडबँडवाला येतो, भोक पाडतो आणि निघून जातो. नाहीतर कुणीतरी पिवळा फोम मारतो. तो फुगून छान भरतो, वरून नीटनेटका दिसतो. आग लागली की तोच आधी जातो आणि भोक पुन्हा उघडं. फायर-रेटेड फोमचे कॅन मिळतात. त्यांची चाचणी मात्र ठरावीक रुंदीच्या फटीसाठी असते. केबलच्या जुडग्याभोवती तो चालतो की नाही, हे त्या चाचणीच्या कागदावर शोधायचं, दुकानदाराच्या तोंडून ऐकायचं नाही.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे प्रत्येक सोसायटीने जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून ‘फॉर्म बी’ घेऊन अग्निशमन दलाकडे द्यायचा असतो. पंप चालतो, हायड्रंटला पाणी आहे, अलार्म वाजतो, याची ती हमी. कायदा चांगला आहे. पण फॉल्स सीलिंगच्या आत कोणता फोम आहे आणि डक्टमधल्या भोकांत काय कोंबलंय, हे घराघरांतलं काम त्या कागदात उमटत नाही. ती नोंद सोसायटीनेच ठेवायला हवी. फर्निचरच्या कामाची परवानगी देताना सेक्रेटरीने मजुरांची आणि लिफ्टची डिपॉझिट घ्यावी, हरकत नाही. त्याच अर्जासोबत फोमच्या चाचणीचा कागद आणि झाकण्याआधीचे फोटोही घ्यावेत. चाळ सोडून टॉवरमध्ये जाणाऱ्यांनी तर पहिल्याच सर्वसाधारण सभेत हा ठराव करावा. नव्या इमारतीत डक्ट अजून मोकळी असते, केबलची गर्दी झालेली नसते, आणि बुजवायचा खर्च फ्लॅटमागे वाटला तर कुणाच्या अंगावर येणार नाही.

आणि यंदा फॉर्म बीसाठी एजन्सीचा माणूस आला, तर पंपाचं बटण दाबून झाल्यावर त्याला जाऊ देऊ नका. सोबत वायरमन घ्या, तळमजल्यापासून प्रत्येक मजल्यावरचं डक्टचं दार उघडायला लावा, आणि जिथे पिवळा फोम दिसेल तिथे त्याचा दाखला मागा. दाखला नसेल तर तो फोम खरवडून काढायला लावा आणि फट चाचणी झालेल्या साहित्याने बुजवून घ्या, मगच सोसायटीची सही द्या.