तुळशीपाईप रोडवरचा परदेश

परदेशातल्या महागड्या हॉटेलात कसं राहावं हे शिकवणारी पुस्तकं बाजारात पुष्कळ आहेत. पण ती लंडन, दुबई, सिंगापूरला जाणाऱ्यांसाठी. लालबाग-परळच्या माणसाला सगळ्यात जवळ पडणारा परदेश त्यांत नाही. करी रोडचा पूल आणि लोअर परळचा पूल ओलांडला की तो लागतो. व्हिसा नाही, विमान नाही, इंजेक्शन नाही; म्हणून कोणी तयारी करून जात नाही आणि फाटकावरच अडकतो. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढील मार्गदर्शन जनहितार्थ देत आहोत.

आधी भूगोल. ज्या रस्त्याला महापालिका सेनापती बापट मार्ग म्हणते आणि आपण तुळशीपाईप रोड म्हणतो, त्या रस्त्यावर 1905 सालच्या फिनिक्स मिलच्या आवारात आता मॉल आहे आणि मॉलला लागून एक उंचच उंच हॉटेल. 2015 पासून त्यावर सेंट रेजिस अशी पाटी आहे. परळला आंबेडकर मार्गावर आयटीसी ग्रँड सेंट्रल आहे, वरळीला फोर सीझन्स. आता इतिहास. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कोणी कधी जाहीर केलं नाही म्हणतात, म्हणजे नियमाप्रमाणे काही मंडळी अजून संपावरच आहेत. 1991 साली गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे करायचा नियम आला: एक पालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. 2001 साली त्यात दुरुस्ती झाली आणि वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे करायचे ठरलं. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन किती असायची, हे गिरणीत काम केलेल्या माणसाला विचारावं. तर परदेश तयार होतो तो असा. कोलंबसाला बराच जास्त त्रास पडला होता.

स्वतःच्या पैशानं तिथे राहणाऱ्याला सल्ला लागत नाही. हे मार्गदर्शन पुतण्याच्या पैशानं राहणाऱ्यांसाठी आहे. हा पुतण्या डिलाईल रोडला वाढलेला, व्हीजेटीआयमध्ये शिकलेला आणि न्यू जर्सीत स्थायिक झालेला असतो. कुणाच्या तरी लग्नासाठी येतो आणि चाळीत उतरत नाही, कारण मुलांना सामायिक संडासाची सवय नाही. त्याला स्वतःला होती. ती त्यानं नागरिकत्वाबरोबर सोडली. आपण एकटेच हॉटेलात राहिलो याची त्याला रुखरुख लागते आणि जायच्या आदल्या दिवशी तो आणखी एक खोली घेऊन म्हणतो, "काका, तुम्ही नि काकी राहा ना एक रात्र. मजा करा." इथे 'नको रे बाबा' दोनदा म्हणावं. तिसऱ्यांदा म्हणू नये, तो ऐकेल.

सामानाबद्दल. पिशवी चालत नाही. पिशवी घेऊन पोर्चमध्ये शिरणारा माणूस पार्सल घेऊन आलाय अशी सुरक्षारक्षकाची प्रामाणिक समजूत असते आणि तो आपल्याला मागच्या गेटचा रस्ता दाखवतो. चाकांची बॅग घ्यावी, नसेल तर तळमजल्यावरच्या कुळकर्ण्यांची आणावी. आत चिवडा गल्लीतला चिवडा, आपली चहापूड, गोळ्या आणि वाळत घालायची दोरी. दोरीचा उपयोग होणार नाही हे आधीच सांगतो, पण काकी ती घेतल्याशिवाय निघणार नाही. जाताना टॅक्सीच करावी. अंतर चालण्याइतकं आहे, हाच तर अडसर: असल्या हॉटेलांचं फाटक चालत येणाऱ्या माणसासाठी बांधलेलंच नसतं. सलाम गाडीला असतो, आपण तिच्यात बसलेले असलो की तो आपल्यालाही लागतो. टॅक्सीवाला जवळचं भाडं म्हणून नाही म्हणेल. त्याला हॉटेलचं नाव सांगू नये, पत्ता सांगावा. नाव ऐकलं की तो मीटर न टाकण्याविषयी बोलू लागतो.

2008 च्या नोव्हेंबरातल्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत गाडीखाली आरसा फिरतो, बॅग यंत्रातून जाते आणि माणूस चौकटीतून. ज्यांनी गिरणीत दिवस काढले आहेत त्यांना झडतीचं नवल नाही, फक्त वेळ बदलली आहे. गिरणीत झडती सुटताना व्हायची, कुणी कापड नेतंय का म्हणून. इथे शिरताना होते. यंत्रातून चिवडा गेला की पडद्यावर काय दिसतं ठाऊक नाही, पण तपासणारा माणूस क्षणभर थांबतो. आपण शांत राहावं.

काउंटरवर ओळखपत्र मागतात. आधार कार्डावरचा लालबागचा पत्ता वाचून ती मुलगी एकदा कार्डाकडे आणि एकदा आपल्याकडे बघते. घर दोन पुलांपलीकडे असताना माणूस इथे झोपायला का येतो, हा तिचा प्रश्न रास्त आहे. उत्तर म्हणून 'घरी रंगकाम काढलंय' सांगावं. पुतण्याचं काम सोपं होतं. परदेशी नागरिक उतरला की हॉटेलला 24 तासांत त्याची खबर सरकारला द्यावी लागते आणि त्यासाठी छापील रकाने असतात. आजोबा याच आवारात साचाखात्यात होते, हे लिहायला त्यांत रकाना नाही. मग अनामत म्हणून कार्ड मागतात. आपलं देऊ नये. 'नेफ्यू' एवढं म्हणून वर बोट दाखवावं.

लिफ्टमध्ये कार्ड लावल्याशिवाय मजल्याचं बटण लागत नाही. खोलीत भिंतीवरच्या खाचेत कार्ड घातल्याशिवाय दिवा लागत नाही. हे कळेपर्यंत अंधारात उभं राहून आरडाओरडा करू नये, वीज गेलेली नसते. पलंगावर आठ उश्या असतात. आठही आपल्याच आहेत. सहा उचलून कोचावर ठेवाव्यात आणि ओळीनं ठेवाव्यात, नाहीतर रात्री पाण्याला उठल्यावर तिथे कोणीतरी बसलंय असं वाटतं. पांघरूण गादीखाली तिन्ही बाजूंनी इतकं घट्ट खोचलेलं असतं की आत शिरायचं तर पाकिटात पत्र सरकवावं तसं स्वतःला सरकवावं लागतं. काकी ते सगळं उपसून काढेल. काढू द्यावं.

इथे थोडं विषयांतर. मराठी माणूस हॉटेलात राहतच नव्हता असं कुणी समजू नये. लोकमान्य मुंबईत आले की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरत आणि 1 ऑगस्ट 1920 ला त्यांनी देह ठेवला तोही तिथेच. ताजमहाल हॉटेल उघडलं 1903 च्या डिसेंबरात, पण त्याचा आपल्याशी संबंध समोरच्या कठड्यावर बसून शेंगा खाण्यापुरता. गिरणगावाची खरी निवासव्यवस्था होती गावकीच्या खोल्या. कोकणातल्या एकेका गावाची एकेक खोली, भिंतीला फळ्या, फळीवर ज्याची त्याची ट्रंक. दिवसपाळीवाला उठला की रातपाळी करून आलेला त्याच जागेवर आडवा. जेवण खाणावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या हिशेबानं. याच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. एका जागेवर चोवीस तासांत पाळीपाळीनं दोन-तीन माणसं! खोल्या शंभर टक्के भरल्या म्हणून पेढे वाटणाऱ्या हॉटेलवाल्यांनी दोनशे आणि तीनशे टक्के भरतीचा हा हिशेब एकदा समजून घ्यावा. गावकीच्या खोलीत उशी विचाराल तर घडी घातलेला सदरा.

मूळ विषय. खिडकी उघडत नाही. ती उघडण्याचा प्रयत्न करू नये, पडदेही हातानं ओढू नयेत. पलंगाशेजारी बटणं आहेत. दृश्यांचे दोन प्रकार असतात. पश्चिमेला रेसकोर्स आणि समुद्र, त्याचे जास्त पैसे. पूर्वेला शहर, त्याचे कमी. पुतण्यानं समुद्र घेतला असला तरी आपण बदलून शहर मागावं. मुलगी म्हणेल, "सर, दॅट साइड इज जस्ट सिटी." हरकत नाही म्हणावं. त्या बाजूनं आधी रेल्वेचे रूळ दिसतात, मग करी रोड, मग एखादी उरलेली चिमणी, आणि चिमणीपासून बोटानं मोजत गेलं की आपली चाळ. निदान काकीला दिसते. "ती बघा, तिसऱ्या माळ्यावर हिरवी साडी. ती माझी. पाऊस आला तर कोण काढणार?" यानंतरचा अर्धा तास शेजारणीला फोन करण्यात जातो. हा अर्धा तास हिशेबात धरूनच जेवणाची वेळ ठरवावी.

न्हाणीघर हा सगळ्यात नाजूक भाग आहे. बीडीडी चाळीतली अख्खी खोली 160 चौरस फुटांची. तेवढ्यात इथे टब, शॉवर, दोन बेसिनं आणि एक आरामखुर्ची असते. खुर्ची कुणासाठी, हे विचारू नये. यापेक्षा गंभीर गोष्ट अशी की न्हाणीघर आणि पलंग यांच्यामधली भिंत काचेची असते. आरपार दिसणारी. हे कुणाला सुचलं, का सुचलं, आणि त्याचं लग्न झालेलं आहे काय, याची चौकशी व्हायला हवी. सामायिक संडासाला आपण नावं ठेवतो, पण त्याला दार असतं. कडी नसेल, दार असतं. संसाराला चाळीस वर्षं झालेली दोन माणसं या काचेसमोर एकदम अनोळखी होतात. उपाय: काचेवर पडदा सोडायचं बटण आतल्या बाजूला, आरशाजवळ असतं. ते सापडेपर्यंत दुसऱ्यानं चिमणी शोधत बसावं.

बादली नसते. तांब्या नसतो. फोन उचलून 'बकेट अँड मग' म्हटलं तर मोठ्या हॉटेलांतही ते बहुधा मिळतं, ही गोष्ट पुस्तकात छापत नाहीत म्हणून इथे ठळक सांगतो. बादली घेऊन येणारा मुलगा काळा कोट घालून येतो आणि अत्यंत स्वच्छ इंग्रजीत विचारतो की आणखी काय सेवा करू. आपणही जमेल तितकं इंग्रजीतच उत्तर द्यावं, त्याची नोकरी आहे. दार लागल्यावर मग हळूच विचारावं.

"गाव खंयचा?"

"कणकवली."

"हंय खंय रवतस?"

"काळाचौकीक."

यापुढे त्या मजल्यावर आपल्याला काही कमी पडत नाही. न सांगता गरम पाण्याचा थर्मास येतो, दुधाच्या पुड्या मूठभर येतात, फुकटच्या दोन पाण्याच्या बाटल्यांच्या सहा होतात, आणि छोट्या फ्रिजमधलं काय काय खायचं नाही हे तो स्वतः बोट ठेवून सांगतो. (काहीच नाही. काजूसुद्धा. विशेषतः काजू, कणकवलीच्या माणसाला ते भाव वाचवत नाहीत.) फक्त साहेब बरोबर असताना त्याच्याशी मालवणी बोलू नये. आणि बक्षिसी देताना तो दोनदा नको म्हणेल. वर पुतण्याच्या बाबतीत दिलेला नियम इथे आपण पाळावा: त्याचं ऐकू नये.

चहाबद्दल एवढंच, की खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर गेलं की खोलीवर 18 टक्के जीएसटी, आणि अशा हॉटेलातल्या खाण्यापिण्यावरही 18. बाहेरच्या साध्या हॉटेलात 5. खालच्या मजल्यावर कपभर चहा पिणाऱ्यानं आधी रक्तदाबाची गोळी घ्यावी. आपली चहापूड कशासाठी आणली ते आता कळलं असेल.

सकाळची न्याहारी भाड्यात धरलेली असते, म्हणून तिथे साडेसातला पोचावं. साडेदहाला बंद होते. चार वेळा उठावं लागतं, तेव्हा दाराजवळचं टेबल नको. पहिल्या फेरीत कुणीही इडलीकडे जाऊ नये; इडली आपल्याला रोज मिळते, आणि तिनं पोट भरतं ही तिची खोड आहे. फळं, मग अंडी, मग त्या चंद्रकोरीच्या आकाराच्या पापुद्र्याच्या पावाचे दोन तुकडे, आणि शेवटी कुतूहल म्हणून 'महाराष्ट्रीय' अशी पाटी लावलेला कोपरा. तिथे बोटभर उंचीचे वडापाव काडी टोचून उभे केलेले असतात आणि काचेच्या चिमुकल्या ग्लासात मिसळ. दादरच्या आस्वादच्या मिसळीला 2015 साली लंडनमध्ये जगातला उत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून फूडी हबचा पुरस्कार मिळाला होता, तेव्हा या ग्लासाबद्दल मत मागितलं तर 'व्हेरी नाइस' म्हणून पुढे सरकावं. खोटं बोलणं हा पाहुणचाराचा भाग आहे. केळं रुमालात गुंडाळून वर न्यायला हरकत नाही. दोन न्यावीत. तिसरं नेताना मॅनेजर बघतो.

कपडे वाळत घालू नयेत. टब कोरडा करून त्यावर दोरी बांधता येते, हे काकीनं सिद्ध केलेलं आहे, पण नळाला गाठ मारल्यावर ती सुटेपर्यंत बाराची वेळ टळते. बाराला खोली सोडायची असते. टॉवेल नेऊ नयेत; कापडी सपाता न्याव्यात, त्या टाकूनच देणार असतात. शिवणकामाची पुडी, कंगवा, साबण यांबद्दल मतभेद आहेत. घरी चार पाहुणे आले की ते साबण दाखवता येतात, एवढंच नोंदवतो.

जाताना काउंटरवर अभिप्रायाचा कागद येतो. सेवा कशी वाटली, जेवण कसं वाटलं, सगळीकडे 'उत्तम' लिहावं, काळाचौकीच्या मुलाचं नाव आठवणीनं लिहावं. त्याचा त्याला उपयोग होतो. खाली एक प्रश्न असतो: आमच्या ठिकाणाची माहिती तुम्हाला कशी मिळाली? इंटरनेट, मित्र-नातेवाईक, जाहिरात, इतर. 'इतर'वर खूण करावी. पुढे एक ओळ रिकामी सोडलेली असते, तिच्यावर 'भोंगा ऐकून' असं सुवाच्य अक्षरात लिहावं आणि मराठीतच लिहावं. मुलगी वाचून थँक यू म्हणेल. परतीच्या टॅक्सीसाठी पोर्चमध्ये उभं राहू नये, जवळचं भाडं कोणी घेत नाही. चाकांची बॅग लोअर परळच्या पुलाच्या चढापर्यंत बरी चालते, तिथून पुढे उचलावी लागते.