'टू मिनिट्स'चं पुणेरी कोष्टक

पुण्यात नव्याने राहायला आलेल्यांनी आधी एक गोष्ट पक्की करावी. इथे वेळ दोन भाषांत सांगतात आणि दोन्हींची मापं वेगळी आहेत. मराठीतली वेळ चोख. 'दुपारी १ ते ४ बंद' म्हणजे बंदच. चाराला पाच कमी असताना शटर अर्धं वर दिसलं म्हणून वाकून आत डोकावू नये. आतून उत्तर येईल, आणि तेही शुद्ध मराठीत. (मिठाईवाल्या चितळ्यांनी २०१७ साली दुपारी दुकान उघडं ठेवायचं ठरवलं, तर त्याची बातमी झाली!)

इंग्रजीतली वेळ मात्र बोलणाऱ्याला किती संकोच वाटतोय, एवढंच सांगते. सर्वांत लहान माप 'वन सेकंद'. ते फोनवर चालतं आणि त्यात दुसऱ्या फोनवरचं अख्खं भांडण मावतं. त्यानंतर 'टू मिनिट्स'. तुमच्या स्कूटरला आडवी गाडी लावून 'टू मिनिट्स हं काका' म्हणत कुणी लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या दुकानात शिरलं, तर चहा घेऊन यावा. आत लग्नाचा बस्ता चालू असेल तर जेवूनच यावं.

हिशेबाला आपली जुनी मापं बरी पडतात. घटका २४ मिनिटांची, मुहूर्त दोन घटकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा. 'टू मिनिट्स'ला एक घटका आणि 'फाइव्ह मिनिट्स'ला एक मुहूर्त धरावा. 'हाफ ॲन अवर' म्हटलं की सरळ प्रहर, तीन तास. पंचांगकर्त्यांना पुण्याची पार्किंग ठाऊक नव्हती, तरी गणित जुळतं.

'ऑन द वे'ला आकडा नाही, त्यामुळे ते कानाने मोजायचं. मागे हॉर्न ऐकू आला तर माणूस खरंच निघालाय. कुकरची शिट्टी आली तर तुम्हीही घरीच बसा. एका मित्राला मी 'ऑन द वे म्हणजे कुठे?' असं विचारलं. 'नळ स्टॉप,' तो म्हणाला. बादलीत पाणी पडत असल्याचा आवाज मला स्पष्ट येत होता, म्हणजे निम्मं तरी खरं होतं.

हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत 'ईओडी' चालतो, म्हणजे 'एन्ड ऑफ डे'. आज ईओडीपर्यंत देतो, असं कुणी म्हणालं तर कोणत्या गावचा दिवस, ते आधी विचारावं. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात पहाटेचे साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार झालेले असतात. बिचारा खोटं बोलत नसतो, फक्त झोपलेला नसतो. 'नेक्स्ट वीक' आणि 'मंथ एन्ड'बद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ते येतात आणि जातात.

सर्वांत लांब माप बिल्डरचं 'पझेशन सून'. इथे घटका-मुहूर्त उपयोगाचे नाहीत, कारण दरम्यान मुलं शाळेत जायला लागतात. १ मे २०१७ पासून स्थावर मालमत्तेचा रेरा कायदा पूर्णपणे लागू आहे. नोंदणी करताना बिल्डरला काम पूर्ण करायची तारीख महारेरा या प्राधिकरणाला द्यावी लागते, आणि ती संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. म्हणून सॅम्पल फ्लॅटमधल्या सोफ्यावर बसून सरबत घ्यावं, 'सून' ऐकून मान डोलवावी आणि तिथेच मोबाइल काढून तारीख बघावी. सेल्समनने विचारलं तर 'टू मिनिट्स' म्हणावं.