कोणत्या खात्यात?

"अवं, ऐकलं का? माझ्या बहिणीचा नातू लंडनजवळ स्लावला बी.टेक. करून राहिला. वय किती म्हणशील? सोळा!"

मावशी खाटेवर बिबडे टाकत होत्या, मी आमच्या बाजूने अंगण झाडत होते. मधे कमरेइतकी भिंत. डिंडोलीच्या आमच्या ओळीत सगळ्या घरांना अशीच भिंत आहे. बिल्डरने पैसे वाचवले आणि आमची सोय केली.

"सोळाव्या वर्षी बी.टेक.? कशात?"

"चित्रकलेत."

आतून आमचा धाकटा फिसकन हसला. त्याचा दहावीचा निकाल नुकताच लागला होता, 54 टक्के, त्यामुळे खरं तर घरात त्याला हसायची परवानगी नव्हती. पण गडी दारात आलाच.

"आजी, ते बी.टेक. नाही. बी, टी, ई, सी. बीटेक. तिकडे दहावीनंतरची मुलं करतात. आपल्या आयटीआयसारखं."

"आयटीआय?" मावशींच्या हातातला बिबडा वाकडा पडला. "माय वं! बहिणीने धुळ्यात पेढे वाटले ना!"

मी म्हटलं, पेढे परत मागायचं कारण नाही. इंग्लंडात अठरा वर्षांपर्यंत कशात ना कशात शिकत राहावंच लागतं, आणि ज्याला नुसती पुस्तकं घोकायची नसतात तो हा रस्ता धरतो. 1984 साली त्यांनी धंदेशिक्षणासाठी एक मंडळ काढलं, त्याच्याच नावाची ही आद्याक्षरं. त्यात चित्रकला आहे, कपड्यांचं डिझाईन आहे, फिल्म आहे, संगीत आहे. पुढे युनिव्हर्सिटीचं दारही उघडं राहतं. गुण बरेचसे वर्षभर केलेल्या कामावर.

"म्हणजे वही दाखवायची आणि पास?"

"वही कशी भरली ते दाखवायचं," धाकटा म्हणाला. "पहिला कच्चा कागद, मग दुसरा, मग तिसरा. का बदललं तेपण लिहायचं."

"आमच्या वेळी खाडाखोड केली की छडी बसायची," मावशी म्हणाल्या, आणि वाकडा बिबडा बोटाने सरळ केला.

नावावरून फसण्यात आम्हा सुरतवाल्या खानदेशींचा हात कोणी धरणार नाही. इथे एम्ब्रॉयडरीच्या किंवा लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. गुजराती शब्द, आमच्या तोंडात बसून गेला. आता अमळनेर-पारोळ्याकडे खातं म्हणजे काय? सरकारी! तर झालं असं की माझ्या मोठ्याचा बायोडाटा दिरांनी लिहिला. 'मुलगा सुरत येथे खात्यात आहे.' दिरांनी मुद्दाम केलं की भोळेपणाने, देव जाणे. पारोळ्याकडून स्थळ आलं. मुलीचे वडील रात्रीच्या गाडीने उधन्याला उतरले, चहा घेतला आणि विचारलं, "कोणतं खातं? पाटबंधारे?"

आमचे हे सरळ माणूस. म्हणाले, "भरतकाम."

"असं, असं. मग भरती केव्हा झाली?"

मावशी भिंतीपलीकडून हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी हा किस्सा लिंबायतपर्यंत पोचवला, आणि तिथून तो आमच्याकडे परत आला तेव्हा त्यात पेन्शनही आली होती.

पाहुण्यांना मोठ्याने खातं दाखवायला नेलं. वीस सुया एकाच वेळी एकसारख्या कैऱ्या भरतायत, ते बघून माणूस गार पडला. पण स्थळ जमलं नाही. "मुलगा चांगला आहे," म्हणाले, "पण शिक्षण काय सांगायचं लोकांना?"

तोच तर घोळ आहे. मोठा बारावी सायन्सला बसला, आपटला. मग कोणीतरी सांगितलं म्हणून एका क्लासला घातला. तीन महिन्यांत डिझायनर! फी घेतली, सोनेरी काठाचं सर्टिफिकेट दिलं, मी ते फ्रेमसुद्धा केलं. ते घेऊन पोरगा पहिल्या शेठकडे गेला. शेठने सर्टिफिकेटकडे बघितलंदेखील नाही. कॉम्प्युटर पुढे सरकवला. "गोल काढ."

याने गोल काढला, अगदी नाण्यासारखा. शेठने तो मशीनवर चढवला, पातळ जॉर्जेटवर. उतरलं ते अंडं.

"का वं?" मावशींनी विचारलं. हे त्यांनी याआधी चार वेळा तरी ऐकलंय, पण या जागी त्या थांबतातच.

कारण टाके ज्या दिशेने पडतात, त्या दिशेने कापड आत ओढलं जातं. म्हणून कापडावर गोल हवा असेल तर पडद्यावर त्या बाजूने लांबट काढायचा. किती लांबट, ते कापडावर, दोऱ्यावर, टाके किती दाट आहेत त्यावर. टाके उगाच दाट केले की कापड गोळा होतं, दोरा तुटतो, मशीन थांबतं. आणि जॉबवर्कचा हिशोब टाक्यांवर, हजाराच्या भावाने. जास्त टाके म्हणजे साडी महाग, व्यापारी पळाला. तीच कैरी बारा हजार टाक्यांत भरणारा पोरगा आणि नऊ हजारांत तितकीच भरदार दाखवणारा पोरगा, यांच्या पगारात फरक पडतो तो इथे. या कामाला पंचिंग म्हणतात. मोठा ते वर्षभर एका उस्तादाच्या मागे उभं राहून शिकला, पहिले सहा महिने जवळजवळ फुकट. आता चांगला कमावतो. पण बायोडाट्यात लिहायला बारावी नापास.

"म्हणून याला कागदाचं शिकवायचं म्हणतेस?"

हो, म्हणूनच. धाकट्याचा हात मोठ्यापेक्षा चांगला आहे. आयटीआयच्या देशभरच्या यादीत आता कॉम्प्युटर एडेड एम्ब्रॉयडरी अँड डिझायनिंग असा ट्रेड आहे, वर्षभराचा. फॅशन डिझाईनचा आहे, ॲनिमेशनचा आहे. पण पालक रांगेत उभे राहतात ते इलेक्ट्रिशियन आणि फिटरसाठी. मी मजुरागेटला चौकशीला गेले तेव्हा रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "मुलगा असून भरतकाम?" मी त्यांच्या अंगावरची साडी बघितली. पदरावर हातभर जाळ. म्हटलं, बेन, हे कोणी भरलं असेल असं वाटतं तुम्हाला?

समोरच्या घरातला हिरे घासणारा पोरगा शहाणा निघाला. मंदीत कारखान्याने सुट्टी लांबवली तेव्हा त्याने कतारगामच्या इंडियन डायमंड इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटरवर दागिने काढायचं शिकायची माहिती काढली. ती संस्था 1978 पासून आहे, पण आमच्या ओळीला आत्ता समजली.

"सरकार म्हणतं ना, आता सहावीपासून हाताचं काम शिकवणार?"

"म्हणतं. 2020 च्या धोरणात आहे. सहावी ते आठवीत कधीतरी दहा दिवस दप्तर नाही, सुताराकडे, कुंभाराकडे जायचं."

मावशी हसल्या. "दहा दिवस! या गल्लीतल्या पोरी दप्तर ठेवलं की आईच्या शेजारी बसून साड्यांना टिकल्या चिकटवतात. त्यांना कोणी सर्टिफिकेट नाही देत."

त्यांचं ते खरंच. पण टिकली कुठे चिकटवायची हे आधी कोणीतरी ठरवून दिलेलं असतं, आणि पैसे त्या ठरवणाऱ्याला. टिकल्या चिकटवणाऱ्या पोरीला ठरवणं कोण शिकवणार?

मला विचाराल तर आमच्याकडे ते शिकवायचे. मी अमळनेरला शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही दिल्या. त्यात संकल्पचित्राचा पेपर असायचा. चौकट आखायची, एक पान घ्यायचं, एक फूल घ्यायचं, ते असं फिरवायचं की जागा भरली पाहिजे आणि गर्दी वाटली नाही पाहिजे. मला बी ग्रेड मिळाली. बाबा म्हणाले, छान, आता गणिताकडे बघ. महाराष्ट्रात आता इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला दहावीत 7 गुण मिळतात, बीला 5, सीला 3. तेव्हा शाबासकी मिळायची, तीही मास्तरांकडून. लग्न होऊन सुरतला आले. महाराज 1664 मध्ये आले ते आठवड्याच्या आत परत गेले. आम्ही आलो ते राहिलोच.

परवा धाकटा मोठ्याच्या कॉम्प्युटरवर बुट्टा बसवत होता. बॉर्डरचा जोड दिसत होता, एका ठिकाणी फूल अर्धं कापलं जाऊन पुढे भलतंच सुरू. मी मागून म्हटलं, पान उलटं कर, देठ त्या फुलाखाली सरकव. केलं त्याने. जोड नाहीसा झाला. पोरगं माझ्याकडे वळून बघायला लागलं, "आई, तुला रिपीट येतं?"

मी म्हटलं, मला संकल्पचित्र येतं.

"बी ग्रेड," मावशी भिंतीवरून म्हणाल्या. आमच्या घरातलं त्यांना सगळं पाठ आहे.

तेवढ्यात कोपऱ्यावरची भाजीवाली गाडी ढकलत आली. तिचं माहेर शिरपूरचं, त्यामुळे मावशी तिला भावासोबत बातमीही देतात. मी भेंडी निवडत होते.

"काय सांगस!" भाजीवाली ओरडली. "सोळा वर्षांचा?"

"सोळा. लंडनला. बी.टेक.," मावशी म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "आणि हिचा धाकटा आहे ना, त्यालापण खात्यातच लावताय."