अहो, पोरानं स्कर्ट मागवलाय!

कानावर आलंच असेल, तरी एकदा माझ्या तोंडून ऐका. आमच्या भाच्यानं स्कर्ट मागवलाय. बायकोसाठी म्हणाल तर अजून लग्न नाही, बहिणीसाठी म्हणाल तर बहीण नाही. स्वतःसाठी! काळा कुळकुळीत, कमरेला गच्च, खाली घेर, आणि पुढे वासराच्या दाव्यासारखा एक फास लोंबतोय.

कुरिअरवाल्यानं दारातूनच हाक दिली, "स्कर्ट आला जी, सही करा." समोरच्या काकू ओसरीवर तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात सुपातच थांबला. जेवणं व्हायच्या आत बातमी भंडाऱ्याच्या खांब तलाव चौकात आणि दिवेलागणीला कारध्याच्या पुलापलीकडे. पलीकडून परत आली तेव्हा एका स्कर्टाचे चार झाले होते आणि त्यातल्या एकाला टिकल्या होत्या.

मूळ पाप कोलाडचं. रायगड जिल्ह्यात कुंडलिका नावाची नदी आहे, तिचं राफ्टिंगचं वेळापत्रक विजेवर चालतं. भिऱ्याकडच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी सकाळी खाली येतं, तेवढ्या वेळात राफ्टवाले दगडांमधून उड्या मारत निघतात, आणि पाणी उतरलं की तीच नदी गरीब गाईसारखी. शिफ्टमध्ये काम करणारी नदी मी तरी दुसरी ऐकलेली नाही. आमचं रत्न ऑफिसच्या पोरांबरोबर तिथं गेलं. राफ्टमध्ये बसायचं, किंचाळायचं, फोटो टाकायचा, एवढ्यावर माणसं थांबतात. यानं तिथं कयाकवाले पाहिले. होडी उलटते, माणूस पाण्याखाली जातो, कंबर हलवतो आणि होडीसकट पुन्हा वर! होडीत थेंब नाही. का नाही, तर कमरेला स्कर्ट. झालं, लागलं वेड.

त्यातही सरळ कयाक घ्यावी, तर नाही. याला कनूच हवी. कयाकमध्ये पाय लांब करून बसतात आणि वल्ह्याला दोन्हीकडे पातं. कनूत गुडघे टेकायचे आणि वल्ह्याला एकच पातं. मी म्हटलं, "एकाच वल्ह्यानं डोंगा हाकायचा तर आपल्या ढिवर मंडळींकडे चार दिवस शिकायला जा की, त्यांच्या पिढ्या गेल्या त्यात." तर म्हणे ही व्हाइटवॉटर कनू, वरून बंद, मधे फक्त माणूस शिरेल एवढं भोक. कोणाचीतरी वापरलेली, लाल रंगाची, जीपच्या टपावर बांधून आणली. अंगणात उतरवली तेव्हा शेजारच्या नातीनं विचारलं, "एवढी मोठी मिरची कायले आणली?"

आता स्कर्टाचं शास्त्र ऐका, कारण ते मला पाठ झालंय. त्याला दोन मापं लागतात. वरची नळी माणसाच्या मापाची. तीसुद्धा कमरेवर नाही, बेंबीच्या वर, बरगड्यांखाली बसते, आणि तिच्यावरून लाइफ जॅकेट. खालचा घेर होडीच्या मापाचा. त्याच्या कडेला लवचीक दोरी, ती भोकाच्या उंच काठाखाली अडकते. एक माप जुळून भागत नाही. माणूस मध्यम आणि होडी मोठी, माणूस मोठा आणि होडी बारकी, अशा सगळ्या जोड्या कंपन्या तक्त्यात देतात आणि तरी चुकतं. लग्न जुळवताना गुण कमी पडले तर शांत करता येते, इथं तीही सोय नाही.

कनूवाल्याचं तर दुखणंच वेगळं. बाजारात मिळतात ते बहुतेक स्कर्ट कयाकवाल्यांचे, खाली बसणाऱ्यांचे. गुडघ्यावर बसलेला माणूस काठाच्या वर चांगला वीतभर उंच येतो. शिवाय हात न बदलता दुसऱ्या बाजूला वल्हं मारायचं, म्हणजे धड पार पिळून निघतं. तेवढी ढील कापडात नको का?

पहिला आला तो नायलॉनचा, त्याला खांद्यावरून गॅलस! स्कर्टाला गॅलस! काकूंनी त्या दिवशी तांदळात खडे तसेच राहू दिले. तो होडीवर चढला पण सैल. बादलीभर पाणी ओतून पाहिलं, तर मधे डबकं साचलं आणि त्याच्या वजनानं कड सुटून सगळं पाणी याच्या मांडीवर. मग दुसरा, निओप्रीनचा, म्हणजे ते जाड रबरी कापड. नळी छान बसली, पण कड होडीवर चढेना. मागून अडकवून पुढे ओढावी तर मागची सुटते, मागची धरावी तर पुढची. शेवटी त्याच्या आईनं मागे धरलं, मी पुढे ओढलं, आणि तो मधे हात वर करून बसला, नवरदेवासारखा. चढला एकदाचा. पण उतरेना! तो फास ओढतोय, लालबुंद होतोय, आणि फाटकाशी उभी माणसं मी मोजत होते. सतरा झाली.

थट्टा बाजूला ठेवा, खरी गोम इथंच आहे. होडी उलटी झाली आणि वर येता आलं नाही, तर तो फास पुढे ओढून स्कर्ट सोडवायचा आणि बाहेर यायचं. स्कर्ट चढवताना फास चुकून आत दुमडला गेला, किंवा कड इतकी आवळ की हातानं सुटतच नाही, तर पाण्याखाली त्याला आई-मावशी कुठून मिळणार? सगळं जग कमरेचं माप विचारतं. ओढल्यावर निघतो का, हे आधी विचारायला हवं.

ढील करायला त्यानं उपाय केले. स्कर्ट ओला करून होडीवर ताणून रात्रभर ठेवला. नवं निओप्रीन असं थोडं सैलावतं म्हणतात. पण कडेची दोरीच आखूड, ती काय सैलावणार? म्हणून मीच त्याला आमच्या शिंपीदादांकडे नेलं.

"कंबर सांगा."

"कंबर बरोबर आहे. घेर वाढवायचा."

"उंची?"

"उंची नाही."

"उंची नाही, मंग तो स्कर्ट कायचा जी?"

पोरगं इंग्रजी शब्द फेकत समजावत होतं. दादा मान हलवत होते, ती न कळल्याची. मी म्हटलं, "दादा, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतो ना, तसा. बरणी म्हणजे होडी, आणि लोणचं म्हणजे हा." त्यांच्या डोक्यात लख्ख पडलं. कड चाचपून म्हणाले, "हा तं नेफा आहे. नाडी आखूड पडून राह्यली." परदेशी कंपनीच्या तक्त्याला जे कळलं नाही ते परकर शिवणाऱ्याला दोन बोटांत कळलं. वर विचारतात, "आंधळगावचा कोसा लावून देऊ का किनारीले? पानी थांबनार नाही, पन दिसन चांगला."

बरं, गावानं एवढं तोंडावर पदर घेण्यासारखं यात आहे तरी काय? झाडीपट्टीत दंडारीला पुरुष लुगडी नेसून रात्र रात्र नाचत आलेत आणि त्याला हेच गाव टाळ्या देत आलंय. ग्रीनलंडचे शिकारी तर सीलच्या कातड्याचे असे घेर नेसूनच समुद्रात उतरत. टोपी-बाह्यांसकट त्याचा पूर्ण अंगरखाही असतो, तुइलिक म्हणतात त्याला. खरी चघळायची गोष्ट मी सांगते. वळणावळणाच्या खळाळत्या पाण्यातली ती स्लॅलमची शर्यत ऑलिंपिकमध्ये 1972 ला म्युनिकच्या वेळी आली. तेव्हापासून कनूवाले पुरुष स्कर्ट घालून उतरत होते. आणि बायकांना त्या कनूच्या शर्यतीत प्रवेश कधी? टोकियोला, 2021 च्या जुलैत! स्कर्ट त्यांनी घालायचा आणि बायकांनी काठावर उभं राहायचं. यावर कोणी कुजबुजलं नाही ते!

काकूंचा प्रश्न मात्र बिनतोड होता: "पन आपल्या नदीत कुठी उड्या मारते पानी?" खरंच आहे. गोसेखुर्दची भिंत झाल्यापासून आमची वैनगंगा भंडाऱ्यापाशी तळ्यासारखी पसरून बसते. खळाळ पाहायचा तर धरणाची तेहतीस दारं उघडल्यावर खाली, आणि तिथं उतरणाऱ्याला स्कर्ट नको, कपाळावर एक सणसणीत टपली हवी. जवळचं म्हणावं तर मध्य प्रदेशात महेश्वरला, नर्मदेच्या सहस्रधारेत. 2023 च्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतलं स्लॅलम तिथं झालं. नाहीतर पुन्हा कोलाड. सरावाला इथलं संथ पाणी पुरे. आणि नागपूरचं सांडपाणी पोटात घेऊन नाग नदी कन्हानेतून वैनगंगेला मिळते, हे लक्षात घेतलं तर आमच्याकडे स्कर्टाची गरज कोलाडहून जास्तच आहे. ते पाणी मांडीवर कोणाला हवंय?

तर दादांनी नेफा उसवला, तीन इंच दोरी वाढवली, दुहेरी टीप घातली. घरी आल्यावर अंगणातच परीक्षा. होडी सतरंजीवर, पोरगं आत गुडघ्यावर, स्कर्ट आधी मागून, मग बाजूंनी, शेवटी पुढून; फास बाहेर आहे ना, ते काकूंनी स्वतः येऊन पाहिलं. डोळ्यांवर टॉवेल बांधला. मी टाळी वाजवली. त्यानं काठावरून हात पुढे सरकवत नेला, फास धरला, पुढे ओढला. फट्! सुटला. पुन्हा चढवला, पुन्हा सुटला. दहा वेळा. फाटकाशी आज एकवीस माणसं होती आणि दहाव्या वेळेला त्यांनीच "निघाला, निघाला" म्हणून गलका केला. बादलीच्या परीक्षेत टाक्यांतून चार थेंब पाझरले, तेवढं चालायचं.

दादांनी मजुरी साठ रुपये घेतली. वहीत लिहिलंय: परकर, दुरुस्ती, एक.